लाल रेघेच्या पुढे दोन खाचा

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. मात्र मुंगीला बेडकाएवढी करून दाखवणाऱ्या हातातल्या भिंगाशी माझं नातं फार लांबचं. मी चित्र मोठं करत नाही, आडवं ताणते. उंची आहे तेवढीच ठेवून रुंदी दुप्पट करायची, एवढं एकच काम मला येतं, आणि त्या एका कामावर मी एका चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये सव्वीस वर्षं काढली. काढली म्हणजे थरथरत काढली. प्रोजेक्टरच्या तोंडाशी बसणाऱ्या लेन्सला स्वस्थता कशी ती ठाऊक नसते. मागे दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांची धग, पुढे गार अंधार आणि सेकंदाला चोवीस चित्रं आपल्याला ढकलून पुढे निघालेली. आज मी काचेच्या कपाटात कपबश्यांच्या शेजारी बसून असते. कुणी हात लावत नाही, कुणी ढकलत नाही, तरी अंगातली ती थरथर काही गेलेली नाही. बाहेर रस्त्यावरून एखादं जड वाहन गेलं आणि कपबश्या किणकिणल्या, की मला वाटतं, चला, खेळ सुरू झाला.

माझा जन्मच मुळी घाबरगुंडीतून झाला. त्या सुमारास परदेशात लोकांच्या घरात टीव्ही नावाची पेटी येऊ लागली होती. पाय पसरून, घरच्या कपड्यांत, फुकट चित्रं बघायला मिळत असतील तर तिकीट काढून कोण येणार? सिनेमावाले हवालदिल झाले. त्यांनी ठरवलं, त्या पेटीत मावणारच नाही एवढं रुंद चित्र दाखवायचं. पडदा रुंद करणं सोपं होतं, हो. पण फिल्मची पट्टी होती तेवढीच अरुंद. मग त्यांनी एक युक्ती काढली. प्रवासाला निघताना आपण अंथरुणाची वळकटी करतो आणि मुक्कामाला पोचलो की ती उलगडतो, तसंच हे. कॅमेऱ्यापुढची लेन्स रुंद दृश्य दोन्ही बाजूंनी आवळून पट्टीवर बसवायची, आणि माझ्यासारखी लेन्स ते पडद्यावर पुन्हा उलगडायची.

आता किती आवळायचं, यावर मात्र एकमत नव्हतं. एक कंपनी इतकं म्हणे, दुसरी तितकं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. म्हणून माझ्या कारागिरानं माझ्या पोटात चार तिरपे लोलक बसवले आणि कुशीवर एक पितळी फिरकी दिली. फिरकी फिरवली की लोलक हलतात आणि चित्र कमीजास्त ताणलं जातं. फिरकीभोवती बारीक खाचा होत्या आणि त्यातल्या एकीवर लाल रेघ. ती रेघ ठरवायला त्यानं तीन दिवस घेतले. पट्टीवर आवळलेलं एक वर्तुळ तो माझ्यातून भिंतीवर पाडायचा, जवळ जाऊन दोरीनं मोजायचा, परत यायचा. वर्तुळ वाटोळं दिसलं तिथे त्यानं रेघ मारली. 'या रेघेवर सगळं जसं आहे तसं,' असं पुटपुटून त्यानं मला कापसात गुंडाळलं.

चित्रपटगृहात माझी नेमणूक पहिल्या मशीनवर झाली. दुसऱ्या मशीनवर माझीच जुळी बहीण होती. एका मशीनवरचं रीळ संपलं की दुसऱ्यावरचं सुरू, अशी आमची पाळी. माझ्या मागे साधी लेन्स बसायची. ती माझ्या आधीपासून त्या घरात होती, म्हणून मी तिला थोरली जाऊ म्हणायची. चित्र मोठं करायचं काम तिचं, ताणायचं माझं. कौतुक मला मिळायचं आणि धुसफुस तिच्याकडे असायची, पण दोघींचं एकमेकींवाचून चालायचं नाही.

आमचा ऑपरेटर उंच, किडकिडीत आणि अबोल होता. रोज सकाळी तो मला उतरवायचा, काचेवर तोंडाची वाफ सोडायचा आणि धुतलेल्या सुती फडक्यानं मधून कडेकडे पुसायचा. त्याची आई शिवणकाम करायची. फडकी तिच्या कातरकामातली. तिच्या दोन मुलांपैकी हा थोरला. धाकटा क्लॅरिनेट वाजवायचा. घरात दिवसभर पिरपिर, कामाधंद्याचं नाव नाही, म्हणून दोघा भावांची एकदा चांगलीच जुंपली. थोरला रागाच्या भरात बोलून गेला, "जा कुठे जायचं तिथे. पुन्हा तोंड दाखवू नकोस." धाकटा खरंच गेला. तीन वर्षं झाली, ना पत्र ना निरोप. केबिनमध्ये ऑपरेटर हे कुणाला सांगायचा नाही. पण दारावरचा टॉर्चवाला, जो प्रेक्षकांना अंधारात खुर्ची दाखवायचा, तो वर बिडी ओढायला आला की विचारायचा, "धाकट्याचं काही कळलं का?" आणि ऑपरेटर न अडकलेल्या फिल्मलाही उगाच हात लावून बघायचा.

मग एका सोमवारी नवा चित्रपट आला. खेळ लावण्याआधी ऑपरेटर सगळी रिळं एकदा रिकाम्या सभागृहात चालवून बघायचा. पाचवं रीळ माझ्या मशीनवर होतं. त्यात एका हॉटेलातलं दृश्य होतं. मधोमध नायक-नायिका नाचताहेत, मागे टेबलं, आणि उजव्या कडेला बँड. अगदी शेवटी, एका उभ्या मोठ्या ड्रमच्या शेजारी, क्लॅरिनेट ओठाला लावून धाकटा उभा होता.

ज्याला तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, त्याचं तोंड तीन हात उंच होऊन समोर आलं. ऑपरेटर लहान खिडकीला नाक लावून बघत राहिला. गाणं संपलं तरी हलला नाही. रीळ संपलं, पांढरा पडदा झगमगायला लागला, तेव्हा कुठे त्यानं दिवा बंद केला. मी त्याच्याहून अस्वस्थ होते. कारण मी काय दाखवलं ते मला ठाऊक होतं. धाकट्याचे गाल आत गेले होते. सूर लावताना गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या आणि कोटाचे खांदे रिकामे लोंबत होते.

त्याच रिळात फिल्मचा एक जुना सांधा सुटला. तो पुन्हा जोडताना दोन-चार चित्रांचा तुकडा कापावा लागला. असे तुकडे एरवी डब्यात जातात. हा तुकडा ऑपरेटरनं खिशात घातला आणि दुपारी जेवायला घरी नेला. पुढचं त्यानं टॉर्चवाल्याला सांगितलं ते मी ऐकलं.

आईनं तुकडा खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळ्यांपाशी नेला. "अगं बाई, हा तर नुसता बांबू झालाय."

"आई, फिल्मवर सगळेच असे दिसतात. चित्र आवळलेलं असतं. तो नायक बघ, त्याचाही बांबूच झालाय."

"नायकाचं नायकाची आई बघेल. तू जाऊन याला घेऊन ये."

"अगं, पडद्यावर तो बरोबर दिसतो. माझी लेन्स उलगडून दाखवते. उद्या तीनच्या खेळाला ये आणि बघ."

टॉर्चवाला हसत सुटला. "नायकाची आई बघेल. तुझी आई तिकीट विकायला बसली तर मॅनेजरला घरी जावं लागेल." ऑपरेटर हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि ते बघणं मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला आई उजव्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली. चार रिळं नीट गेली. पाचवं सुरू झालं, हॉटेलाचं दार उघडलं, आणि ऑपरेटरची बोटं माझ्या फिरकीवर आली. एक खाच. दुसरी खाच. लाल रेघ मागे पडली.

मित्रांनो, माझ्या पोटातले लोलक सरकले तेव्हा मला कसं झालं ते सांगता येणार नाही. दिसायला फरक थोडासाच. नायक जरा गुटगुटीत झाला, नायिका जरा बसकी. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाईंना मध्यंतरात बटाटेवडे लागले वाटतं." लोक हसले. आणि उजव्या कडेला धाकट्याचे गाल भरले, खांदे कोटात मावेनासे झाले.

खेळ सुटल्यावर आई जिन्याखालून हाक मारून म्हणाली, "बरा आहे रे. अंगानं भरलाय उलट. मी मेली उगाच घाबरले." वर आल्यावर टॉर्चवाल्यानं विचारलं, "मग आता जायचं रद्द?" ऑपरेटर म्हणाला, "आईचं समाधान झालं ना. झालं तर मग." आणि नुकतं तेल दिलेल्या मशीनला पुन्हा तेल देऊ लागला.

त्याचं काही सगळंच खोटं नव्हतं. आईला काळजी नको, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण तिची काळजी मिटली की आपल्याला भावापुढे मान खाली घालून जावं लागणार नाही, हेही त्याच मनात होतं. एकाच वळकटीत त्यानं दोन्ही बांधून टाकलं होतं. हे मला कळत होतं, आणि माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं.

आई दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. पाचव्या रिळापुरती फिरकी दोन खाचा पुढे, मग परत रेघेवर. मी एरवी यंत्राच्या हादऱ्यानं थरथरायची, त्या तीन दिवसांत पडदा बंद असतानाही मला चैन नव्हतं. थोरली जाऊ म्हणाली, "आपण काच. हात फिरवील तसं फिरायचं." तिचं बरोबर होतं. तिला फिरकी नव्हती.

चौथ्या दिवशी पावणेतीनला लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. टॉर्चवाल्याची नव्हती, हळू होती. आई पहिल्यांदाच केबिनमध्ये येत होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, शिवण अर्धी टाकून उठलेली. तिनं आग, चाकं, रिळं यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आज मी इथूनच बघणार आहे," ती म्हणाली.

"इथे फार गरम होतं, आई."

"इस्त्रीपाशी आयुष्य गेलंय माझं."

त्यानं पहिलं रीळ लावलं. रिळं एकामागून एक गेली. पाचवं सुरू झालं, हॉटेलाचं दार उघडलं, आणि तीन दिवसांच्या सवयीनं त्याची बोटं माझ्याकडे आली. आईनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. मला ड्रम बघू दे."

"कसला ड्रम?"

"त्याच्या शेजारचा. काल तो आडवा होता, दबलेल्या भोपळ्यासारखा. घरी जाऊन मी बरण्यांची वाटोळी झाकणं काढून बघितली, म्हटलं, आपलेच डोळे गेले की काय." तिनं लहान खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी मी लाल रेघेवर होते. ड्रम वाटोळा होता. त्याच्या शेजारी तिचा मुलगा होता तसा उभा होता.

गाणं संपलं. मनगट तिनं सोडलं नव्हतं.

"कापताना कापड ताणलं की माप चुकतं," ती म्हणाली. "तू कापड ताणलंस."

"तुला त्रास नको म्हणून..."

"माझा त्रास मी बघीन. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतेय, पोराची छाती दोन इंच आत गेलेली मला कळत नाही असं वाटलं तुला? जाऊन घेऊन ये त्याला."

"मी त्याला म्हटलं होतं, तोंड दाखवू नकोस."

"त्यानं दाखवलं. आता तू तुझं दाखव."

मशीनवर रीळ संपत आलं होतं. दुसरं मशीन सुरू करायला त्याला एक क्षण उशीर झाला. पडदा पांढरा पडला आणि खालून शिट्ट्या आल्या. सव्वीस वर्षांत चालू खेळात असं एवढं एकदाच झालं.

तो त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला. त्याच्या जागी शेजारच्या चित्रपटगृहातला एक बदली ऑपरेटर आला. तो मला बनियनच्या टोकानं पुसायचा. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. रोज पाचव्या रिळात मी धाकट्याला पडद्यावर उलगडत होते आणि त्याच वेळी तो कुठल्या खोलीत, कसा पडलाय, हे मला ठाऊक नव्हतं. हे चित्र काढलं तेव्हा तो असा होता. त्याला किती महिने झाले? पडद्यावरचा माणूस रोज तेवढाच आजारी असतो, खऱ्या माणसाचं तसं नसतं. मी रोज त्याच्याकडे डोळे फाडून बघायची, जणू कालच्यापेक्षा आज तो जास्त वाळला तर मला कळणार होतं. टॉर्चवाला दिवसातून दहा वेळा जिना चढायचा आणि काही न विचारता उतरायचा. आई त्या दिवसांत चित्रपटाला आलीच नाही. शिवणयंत्र मात्र तिच्या खिडकीतून अखंड ऐकू येतं, असं तो सांगायचा.

सहाव्या दिवशी दुपारी जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. तीन पायऱ्या, मग थांबणं. तीन पायऱ्या, मग थांबणं. आणि मध्ये कोरडा खोकला. चित्रपट जिथे काढला त्या शहरात ऑपरेटरनं भावाला बँडवाल्यांच्या एका खोलीत शोधून काढलं होतं. छातीचा आजार होता. डॉक्टर म्हणाले होते, अजून महिनाभर थांबला असतात तर माझा काही उपयोग नव्हता.

केबिनमध्ये स्टूल एकच. ऑपरेटरनं ते भावापुढे सरकवलं. तीन वर्षांत त्या स्टुलावर त्याच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.  पाचवं रीळ लागलं, तेव्हा धाकट्यानं स्वतःला पहिल्यांदाच पडद्यावर पाहिलं.

"दादा, मी एवढा कडेला आहे?"

"कडेलाच असतोस तू. पहिल्यापासून."

"मधे नाचणाऱ्यांना माझं वाजवणं ऐकूसुद्धा गेलं नव्हतं," धाकटा म्हणाला आणि हसता हसता खोकत राहिला. ऑपरेटरनं एका हातानं त्याची पाठ चोळली. दुसरा हात माझ्यापाशी, पण फिरकीच्या दूर ठेवलेला होता.

धाकटा बरा झाला. दीड वर्ष लागलं. फुंकायचं वाद्य मात्र डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. त्यानं पुढे शाळेत मुलांना सूर शिकवले, तोंडानं गाऊन.

माझी गोष्ट खरं तर इथेच संपते, पण वय झालं की संपल्यावरही माणूस बोलत राहतो, तसंच माझं. पुढे सगळ्या कंपन्यांचं एकमत झालं, किती आवळायचं ते ठरलं, आणि फिरकी नसलेल्या सडसडीत लेन्स आल्या. माझी जुळी बहीण आणि थोरली जाऊ एकाच दिवशी भंगारात गेल्या. निरोपसुद्धा नाही. मला ऑपरेटरनं निवृत्तीच्या दिवशी रुमालात बांधून घरी आणलं. काही वर्षांनी फिल्मच गेली. चित्रपट आता डब्यातून येत नाहीत, कसे येतात ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि ज्या पेटीला भिऊन मला जन्माला घातलं, तीच पेटी माझ्या कपाटासमोर येऊन बसली. आधी चौकोनी होती. मग दरवर्षी रुंद होत गेली, अगदी आम्हाला खिजवायला निघाल्यासारखी.

परवा दुपारी तिच्यावर तो जुना चित्रपट लागला. ऑपरेटर आता शहाऐंशीचा आहे. धाकटा एक्याऐंशीचा. तो मुक्कामाला आलाय, शेजारच्या खुर्चीत शाल घेऊन बसलेला. वर-खाली काळे पट्टे दिसले तशी ऑपरेटरची नात म्हणाली, "हे काय, एवढा मोठा टीव्ही घेतला आणि अर्धा काळाच?" तिनं रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं. चित्र फुगून पडदाभर झालं, आणि दोन्ही कडा बाहेर गेल्या. हॉटेल आलं, नाच आला, बँडचा पत्ताच नाही.

ऑपरेटर ताडकन उठला. "कडा कापल्या. अगं, कडा कापल्या. ते काळं राहू दे, काळं असलं तरच सगळं चित्र असतं." तो टीव्हीपाशी गेला आणि चौकटीच्या उजव्या अंगाला हात घालून बघू लागला, जणू चित्र बाहेर कुठे सांडलं असेल. "तो इथे होता. इथे उजवीकडे उभा होता." नात घाईघाईनं एकेक बटण दाबत होती. चित्र कधी लांब होई, कधी लठ्ठ. गाणं संपत आलं होतं. ऑपरेटर चौकट सोडत नव्हता आणि कपाटात मी थरथरत होते, कारण ते काम माझं होतं आणि मला ते करता येत नव्हतं.

"दादा," मागून आवाज आला. "मी इकडे आहे."

ऑपरेटर वळला. धाकटा शालीतून हात बाहेर काढून त्याला खुणावत होता. "केव्हापासून पाणी मागतोय. सगळेच तिकडे बघताय."

ऑपरेटरनं पाणी आणलं. मग आपली खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा, आणि टीव्हीकडे पाठ केली. नातीनं आवाज बारीक केला. पडद्यावर नाच चालूच होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं जुनं काही असेल. ते मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे पुसत जा. टीव्हीवरचे काळे पट्टे बघून चिडू नका. एवढं ऐकलंत तरी पुष्कळ. आणि कुणाचा फोटो पाहून तो बरा दिसला, म्हणून भेटायला जायचं लांबणीवर टाकत असाल, तर ते मात्र टाकू नका. काचेवर विसंबू नका. हे मी एक काच म्हणून सांगते.